हेवीचं लायसन्स: आठवी पास ते भरल्या गाडीचा उतार

मालट्रक चालवणारा माणूस आठवी पास हवा, ही अट 2007 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आली. वय 20 पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं, डॉक्टरांचा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, एवढं तर लागतच होतं. त्यात आता शाळेचा दाखला आला.

या अटीने दार बंद झालं ते नेमकं क्लीनरसाठी. चौथी-पाचवीत शाळा सुटलेला पोरगा गाडीवर चढायचा. काचा पुसायच्या, टायर बदलायचे, ताडपत्री आवळायची, गाडी मागे घेताना पाठीमागे उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करायचं. वर्ष-दोन वर्षांनी उस्ताद मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात द्यायचा. कायद्याने हे चूकच होतं, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण भरलेली गाडी घाटात कशी बोलते, हे त्या पोराला केबिनमध्येच समजायचं. रस्त्यावरच्या पाट्या वाचता यायला हव्यात, हे मान्य. त्यासाठी पाट्यांचीच परीक्षा घ्यायला हवी होती.

2019 मध्ये केंद्राने ही अट काढली. हरियाणातल्या मेवात भागातून तशी मागणी होती आणि देशात सुमारे 22 लाख चालक कमी असल्याचं मंत्रालय सांगत होतं. शिक्षणाऐवजी प्रशिक्षण आणि कौशल्य चाचणीवर भर देऊ, असा शब्द तेव्हा दिला गेला. निर्णय योग्यच होता. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने व्यावसायिक लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येईल, हा 2017 चा निकाल कायम ठेवला.

राहिली ती चाचणी. नियम 15 मध्ये तिचा तपशील आहे. उतारावर झटकन खालच्या गिअरमध्ये येणं त्यात आहे, चढावर थांबून गाडी मागे न घसरू देता पुन्हा काढणंही आहे. पण गाडी भरलेली हवी, असं त्यात नाही. रिकामा ट्रक ब्रेकवर थांबतो. पंधरा-वीस टन माल भरला की नुसत्या ब्रेकवर उतरताना ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. तिथे गाडी धरून ठेवायला खालचा गिअरच लागतो.

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारं एक अवजड वाहन अनेक गाड्यांवर आदळलं. सुमारे 48 वाहनांचं नुकसान झालं. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं.

परिवहन विभागाला विनंती एकच आहे. हेवीची ट्रायल भरल्या ट्रकवर आणि खऱ्या उतारावर घ्या.