सावली देणाऱ्यांचा उन्हाळा

परवा एप्रिलमधल्या एका दुपारी कामानिमित्त पुणे विद्यापीठात जावे लागले. रस्त्यावर अंग नुसते भाजत होते. आवारात शिरलो, एका जुन्या वडाखाली स्कूटर लावली आणि जीव थाऱ्यावर आला.

गणेशखिंडीचा हा चारशे एकरांहून मोठा परिसर पूर्वी गव्हर्नरसाहेबांचा. १९४९ साली इथे विद्यापीठ आले, २०१४ साली त्याला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. मी इथलाच विद्यार्थी. पण वडाखाली इतके गार का वाटते, हा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही.

हा गारवा केवळ सावलीचा नसतो. मुळांनी ओढलेले पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आपल्या घरचा माठ असाच पाझरून गार होतो. मात्र त्यासाठी माठात पाणी असावे लागते!

इथेच खरी अडचण आहे. हवा एका अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प सामावू शकते. म्हणजे तिची तहान वाढते. जमिनीत ओल नसली, की झाड पानांची छिद्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण अन्न तयार करायला लागणारा कार्बन डायऑक्साइड वायूही त्याच छिद्रांतून येतो. म्हणजे चूलच बंद. त्यात रात्रही उकाड्याची असेल, तर झाडाचे श्वसन वाढते आणि दिवसाची कमाई रात्रीत खर्च होते. हे गणित तुम्हा-आम्हा पगारदारांना वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्याकडच्या झाडांना उन्हाळा नवा नाही. पळस, काटेसावर आधीच पाने गाळून खर्च आटोपता घेतात. वडाची मुळे दूरवर पोचलेली असतात. हाल होतात ते कोवळ्या रोपांचे.

हे मी अनुभवाने सांगतो. १९८९ च्या पावसाळ्यात आम्ही मुलामुलींनी इथल्याच एका उतारावर शंभरेक रोपे लावली. फोटो काढले, वडे खाल्ले. पुढे एप्रिलमध्ये परीक्षा आल्या, मेमध्ये जो तो आपापल्या गावी गेला. जूनमध्ये परतलो, तेव्हा बहुतेक ठिकाणी नुसत्या काटक्या उभ्या होत्या. त्या मे महिन्यात एक बादली पाणी घालायला आमच्यातला एकही जण थांबला नव्हता.

परवा मुद्दाम तो उतार पाहून आलो. त्यातला एक कडुनिंब तेवढा ओळखीचा वाटला. शेजारी एक वयस्कर माळीकाका नव्या रोपांच्या आळ्यांत पालापाचोळा पसरत होते. मी विचारले, "काका, एवढ्या उन्हात जगतील का हो ही?"

"सायेब, तीन उन्हाळे सांभाळा, मग ती तुमाला सांभाळत्यात. निस्ती लावून काय उपेग?"

२०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचे जगातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पुढचे उन्हाळे सौम्य असतील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. येत्या जूनमध्ये आपण सारे उत्साहाने रोपे लावू, फोटोही काढू. जरूर काढावेत. फक्त त्याच वेळी, पुढच्या मे महिन्यात पाणी कोण घालणार, त्याचे नाव कागदावर लिहून ठेवावे.

माझ्या कागदावर मी माझेच नाव लिहिले आहे. छत्तीसाहून अधिक वर्षे उशिरा का होईना!