डासाच्या आतड्यातील जिवाणूचे नाव

प्राण्यांच्या आतड्यात सापडलेला जिवाणू आधीच माहीत असलेल्या प्रजातीचा आहे की खरोखर नवा, हे ठरवणे सूक्ष्मजीवशास्त्रातील चिकाटीचे काम आहे. गाय, कोंबडी, मासा, वाळवी, डास अशा सर्वांच्या पोटात जिवाणूंची दाट वस्ती असते आणि त्यांच्यावाचून अनेक प्राण्यांचे पोषणच होत नाही. भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात गुरांपुढे भाताचा पेंढा टाकला जातो. त्यातील सेल्युलोज पचवणारे विकर गुरांच्या शरीरात तयार होत नाही. कोठीपोटातील जिवाणू व बुरशी हे सेल्युलोज फोडतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर जनावर पोसते.

वर्गीकरणाची पहिली पायरी म्हणजे एकच जिवाणू वेगळा करून वाढवणे. आतड्यातील बरेच जिवाणू ऑक्सिजनच्या संपर्कात येताच मरतात. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास यावर उपाय काढला. ऑक्सिजन काढून टाकलेले पातळ अगर नळीत भरायचे, त्यात कोठीपोटातील द्रव मिसळायचा, नळी घट्ट बंद करायची आणि अगर थिजेपर्यंत ती आडवी फिरवत ठेवायची. नळीच्या आतल्या बाजूस पातळ थर बसतो आणि त्यात जिवाणूंच्या सुट्या वसाहती उगवतात. त्यातील एक उचलून पुन्हा वाढवली की शुद्ध वाण हाती येतो.

मग त्याची ओळख पटवली जाते. पेशीचा आकार, ग्रॅम रंजन, कोणत्या साखरा आंबवतो, कोणती विकरे बनवतो, पेशीपटलात कोणती मेदाम्ले आहेत, हे सगळे तपासतात. हंगेट यांनी गुरांच्या कोठीपोटातून वेगळ्या केलेल्या एका सेल्युलोज फोडणाऱ्या जिवाणूला अशाच लक्षणांवरून ‘बॅक्टेरॉइडिस सक्सिनोजेनिस’ म्हटले गेले. परंतु बाह्य लक्षणे नात्याचा पक्का पुरावा ठरत नाहीत. 1977 मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना करून जीवसृष्टीची मांडणीच बदलली. तेव्हापासून या आरएनएचे सुमारे 1,500 अक्षरांचे ‘16एस’ जनुक जिवाणूंची नाती लावण्याचे मुख्य साधन झाले. त्याच पुराव्यावरून 1988 मध्ये हंगेट यांचा जिवाणू ‘फायब्रोबॅक्टर’ या नव्या प्रजातीसमूहात हलवण्यात आला.

दोन वाणांच्या 16एस जनुकात साधारण 98.7 टक्क्यांहून कमी साम्य असेल, तर प्रजाती वेगळी असण्याची शक्यता मोठी. साम्य त्याहून जास्त असेल, तर मात्र या एका जनुकावर विसंबता येत नाही आणि संपूर्ण डीएनएची तुलना करावी लागते. जुन्या पद्धतीत दोघांच्या डीएनएचे धागे उलगडून एकत्र ठेवत आणि ते एकमेकांशी किती जुळतात ते मोजत. 70 टक्के किंवा अधिक जुळणी म्हणजे एकच प्रजाती. आता दोन्ही जनुकसंच वाचून सरासरी साम्य काढतात; तेथे सीमा 95 ते 96 टक्क्यांची आहे.

या कामाचे बोलके उदाहरण पुण्यातलेच आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे यांच्या गटाने क्युलेक्स आणि एडिस डासांच्या माद्यांच्या मध्यांत्रातून तीन वाण मिळवले. डासाच्या आतड्यातील जिवाणूंचा परिणाम त्याच्यातील रोगजंतूंच्या वाढीवर होतो, म्हणून त्यांची ओळख महत्त्वाची. 2002 मध्ये या वाणांचे वर्णन ‘एरोमोनास क्युलिसिकोला’ या नव्या प्रजातीच्या रूपाने प्रसिद्ध झाले आणि तिचा आधारभूत वाण, म्हणजे प्रजातीचा प्रमाण नमुना, चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात 3249 या क्रमांकाने ठेवला गेला.

2005 मध्ये बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या खीर्ट ह्यूस आणि सहकाऱ्यांनी हा वाण पुन्हा तपासला. 1987 मध्ये वर्णन झालेल्या ‘एरोमोनास व्हेरोनाय’ या प्रजातीशी त्याचा डीएनए एकाच प्रजातीत बसण्याइतका जुळला. वर्गीकरणाच्या नियमानुसार आधीचे नाव कायम राहते. म्हणून पुण्याच्या गटाने दिलेले नाव समानार्थी ठरले. याचा डासांवरच्या संशोधनाला लाभच झाला. व्हेरोनाय ही प्रजाती औषधी जळवांच्या आतड्यात वस्ती करते, मासे आणि माणसे यांना आजारीही पाडते. ही सारी माहिती आता डासातील वाणाच्या अभ्यासालाही उपयोगी पडते.

ही दुरुस्ती शक्य झाली ती जिवंत वाण जपून ठेवल्यामुळे. नव्या प्रजातीचा आधारभूत वाण निदान दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पुण्यात 2009 पासून असा मोठा संग्रह उभा राहिला; तो आज राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणून ओळखला जातो.

आतड्यातील पुष्कळ जिवाणू अजून प्रयोगशाळेत वाढलेलेच नाहीत. विष्ठेतील सगळा डीएनए एकत्र वाचून संगणकावर त्यांचे जनुकसंच जुळवले जातात. 2021 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी कोंबड्यांच्या आतड्यातून या मार्गाने आठशेहून अधिक प्रजाती दाखवल्या. 2022 च्या ‘सीककोड’ या नियमावलीने केवळ जनुकसंचाच्या आधारेही नाव देण्याची वाट मोकळी केली. तरीही जिवाणू काय खातो, काय बनवतो आणि कोणत्या औषधाने मरतो, याचे खात्रीचे उत्तर वाढवलेला वाणच देतो. म्हणून नव्या नावांइतकीच, किंबहुना जास्त, काळजी जिवंत संग्रहांची घेतली पाहिजे.