हालचालीचे वैद्यक

मोडलेले हाड प्लास्टरमध्ये सांधले जाते. परंतु त्या अवधीत स्नायू रोडावतात, सांधा आखडतो. हाड जुळले तरी हात वर उचलत नाही. ही हरवलेली हालचाल परत मिळवून देणारे शास्त्र म्हणजे भौतिकोपचार, अर्थात फिजिओथेरपी.

भारतात या शास्त्राच्या शिक्षणाचा पाया पोलिओमुळे घातला गेला. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रशिक्षणशाळा सुरू झाली. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. तरी उपचारकांची गरज सरली नाही. अपघात, पक्षाघात व संधिवात यांचे रुग्ण आजही त्यांच्याकडे येतात.

दुखापत टाळणे हेही या शास्त्राचे उद्दिष्ट आहे. जड वस्तू उचलताना कमरेऐवजी गुडघ्यांत वाकावे व वस्तू अंगालगत धरावी. म्हणजे भार मांड्यांचे बळकट स्नायू पेलतात.

हे उपचार गोळ्यांसारखे वाटून देता येत नाहीत. प्रत्येक रुग्णाजवळ जाणत्या माणसाला वेळ द्यावा लागतो. रुग्ण वाढले आणि उपचारक तेवढेच राहिले, तर प्रत्येकाच्या वाट्याची मिनिटे घटतात व व्यायाम अर्धवट राहतो. म्हणून पुनर्वसन केंद्राची खरी वाढ तेथील प्रशिक्षित हातांवरून मोजावी.