संपर्कनोंदींचा अधिकार : कोणास व किती?



शाळेचे जनरल रजिस्टर सर्वांच्या उपयोगाचे असले, तरी त्यातील जन्मतारखेत खाडाखोड करण्याची मुभा कोणासही नसते. पालकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक जेथे संकेतस्थळास जोडलेल्या संपर्क-व्यवस्थापन प्रणालीत ठेविले जातात, तेथेही हाच विवेक पाळणे अवश्य आहे.

प्रथम तीन संज्ञा ध्यानी घ्याव्या. वापरकर्ता म्हणजे स्वतःच्या नावाने व पासवर्डने प्रवेश करणारी व्यक्ती. परवानगी म्हणजे एखादी विशिष्ट कृती करण्याची मुभा. भूमिका म्हणजे एका कामास लागणाऱ्या परवानग्यांचा संच. परवानग्या भूमिकेस द्यावयाच्या व भूमिका व्यक्तीस, अशी ही रचना होय. डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कून यांनी १९९२ साली अमेरिकेत तिचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. तिचा लाभ उघड आहे. शिक्षकाची बदली झाली असता एक भूमिका काढून घेतली की पुरे; एकेक परवानगी शोधीत बसावे लागत नाही.

उदाहरणादाखल सिव्हीसीआरएम ही मुक्त प्रणाली घेऊ. वर्डप्रेस वा ड्रुपल यांवर उभारलेल्या संकेतस्थळात ती बसविता येते. संपर्क पाहणे, नवा जोडणे, दुरुस्त करणे व काढून टाकणे, यांच्या परवानग्या तिच्यात निरनिराळ्या आहेत. काढलेली नोंद प्रथम कचरापेटीत जाते. तेथील नोंदी पाहण्याची परवानगीही स्वतंत्र आहे. शिवाय विशिष्ट वापरकर्त्यांस विशिष्ट गटाचेच संपर्क दिसावेत, अशी मर्यादा घालता येते. म्हणून चौथीच्या वर्गशिक्षकास चौथीच्या पालकांच्या नोंदी पाहता व सुधारता याव्यात. नोंद काढण्याचा अधिकार मुख्याध्यापकांकडे असावा. प्रणालीची मांडणी बदलण्याचा अधिकार एकदोघांपुरताच ठेवावा. कामास लागेल तेवढाच अधिकार, हे यातील मुख्य सूत्र.

एकच पासवर्ड सर्वांनी वापरण्याची प्रथा मात्र सर्वथा त्याज्य समजावी. यादी पुसली गेली तर ती कोणाच्या हातून गेली हे कळत नाही, आणि निर्दोष सहकाऱ्यावर संशय येतो. तसेच बदलून गेलेल्या शिक्षकाचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस बालक मानिले आहे. आपल्या शाळांतील विद्यार्थी या व्याख्येत येतात, हे विसरू नये.

प्रत्येक सत्राच्या आरंभी मुख्याध्यापकांनी वापरकर्त्यांची यादी काढून प्रत्येक नावापुढील भूमिका तपासावी. पालक आपला क्रमांक शाळेस विश्वासाने देतो. तो किती जणांच्या दृष्टीस पडावा हे ठरविणे, हे शाळेचे कर्तव्य होय.