नट व्हायचे आहे? मग तालमीला चला!

मुलगा डॉक्टर होणार की इंजिनिअर, या प्रश्नावर आपल्या घरांत तासन् तास हौसेने खल चालतो. तोच मुलगा 'मी नट होणार' म्हणाला की चर्चा एकदम थंडावते. आजी देवाला हात जोडते, वडील वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात आणि आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरातच ठेवू लागते. नाटकावर आपले प्रेम नाही असे मुळीच नव्हे! तिसरी घंटा झाली की आजही आपल्या अंगावर काटा उभा राहतो. फक्त ते नाटक दुसऱ्याच्या मुलाने करावे, अशी आपली साधारण समजूत असते.

हौशी रंगभूमीवर तीस वर्षे तालमी घेत आल्यामुळे अशा घरांतून मला वरचेवर बोलावणे येते. गेल्या वर्षी ते थेट माझ्या बहिणीकडून आले. भाची चोवीस वर्षांची, पुण्यात संगणकाच्या कंपनीत चांगल्या पगारावर. आणि आता नोकरी सोडून अभिनयच करायचा म्हणून हटून बसलेली. "दादा, तूच समजाव तिला," बहीण म्हणाली. मी पोरीला परावृत्त करावे अशी भावोजींची अपेक्षा; मी आशीर्वाद द्यावा अशी पोरीची. मी दोन्ही केले नाही. मी तिला डॉ. श्रीराम लागूंची हकीकत सांगितली.

डॉ. लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात आणि पुढे आफ्रिकेत टांझानियातील टबोरा येथे त्यांनी व्यवसाय केला. १९६९ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, तो सोडून ते पूर्णवेळ नट झाले आणि १९७० च्या डिसेंबरात शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर होऊन उभे राहिले. एवढा भाग सर्वांना तोंडपाठ असतो, आणि तरुण मंडळी राजीनामा लिहिताना तोच पुढे करतात. परंतु या हकीकतीला पूर्वार्धही आहे. वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते नाटकांत काम करीत होते. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये आणि पुढे मुंबईच्या 'रंगायन'मध्ये त्यांची अभिनयसाधना चालूच होती. म्हणजे शस्त्रक्रियेची सुरी खाली ठेवली, तेव्हा नट आतून तयार झालेला होता.

निळू फुल्यांचेही तेच. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात रमत. 'एक गाव बारा भानगडी' हा त्यांचा पहिला गाजलेला चित्रपट १९६८ चा. जन्म १९३० चा. हिशेब वाचकांनीच करावा.

"पण मामा, मला शिकवणार कोण?" भाचीने विचारले. प्रश्न रास्त होता. मार्गदर्शन म्हणजे एखाद्या थोर नटाने एका भेटीत कानात सांगायचा मंत्र, असा पुष्कळांचा ग्रह असतो. वस्तुतः ते तालमीच्या खोलीत, रोज थोडे थोडे मिळते. विजया मेहता इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्या हाताखाली शिकल्या. मग १९६० साली 'रंगायन' उभी राहिली आणि त्यांच्या तालमींतून पुढची पिढी घडली. आज रीतसर शिकायचे तर दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. आणि तिथे प्रवेश नाही मिळाला, तरी राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी एखादी संस्था आपल्या गावात बहुधा असतेच. तिच्या दारात जाऊन 'काय काम आहे?' असे विचारावे. 'कोणती भूमिका आहे?' असे नव्हे.

मी भाचीला तीन अटी घातल्या. पहिली, दोन वर्षे नोकरी सोडायची नाही. संध्याकाळी तालीम चुकवायची नाही. दुसरी, तोंडावर खरे बोलणारा एक तरी दिग्दर्शक गाठायचा; कौतुक करायला मावश्या पुरेशा आहेत. तिसरी, काम देतो म्हणून जो पैसे मागेल, त्याच्या दारातून तत्काळ परतायचे. नटाला कामाचे पैसे मिळतात. कामासाठी नटाने ते भरायचे नसतात.

पहिले चार महिने तिने प्रॉम्प्टिंग केले, कपड्यांच्या ट्रंका सांभाळल्या. मालिकांसाठी नऊ ठिकाणी ऑडिशन दिली. सात ठिकाणांहून उत्तरच नाही, दोन ठिकाणी नकार. एका रात्री तिचा फोन आला, आवाज रडवेला. मी म्हटले, "नायक ठेंगणा म्हणून उंच मुलगी नाकारतात, अगं! प्रत्येक नकार म्हणजे तुझ्या अभिनयावरचा शेरा नव्हे. वहीत तारीख घाल, काय म्हटलेस ते लिही, कुठे अडखळलीस ते लिही आणि उद्या तालमीला जा." ती गेली. माझ्या मते चिकाटी म्हणतात ती एवढीच.

यंदा एका व्यावसायिक नाटकात तिला दोन प्रवेशांची भूमिका मिळाली आहे. शनिवार-रविवारचे प्रयोग; नाइटचे पैसे रिक्षाला आणि चहाला पुरतात. दोन वर्षांची मुदत पुढच्या दिवाळीला संपेल. तेव्हा ती नोकरी सोडील की नाटक, हे मला ठाऊक नाही आणि तिलाही नाही. पण जो निर्णय होईल तो स्वप्नावर नव्हे, अनुभवावर होईल.

भावोजींनी गेल्या महिन्यात तिचा प्रयोग पाहिला, तोही स्वतः तिकीट काढून, शेवटच्या रांगेतून. घरी आल्यावर एकच वाक्य बोलले, "आवाज मागपर्यंत येतो."

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कोणी नट व्हायचे म्हणत असेल, तर त्याला लगेच हारही घालू नका आणि हाकही मारू नका. विचारा फक्त, "आज तालीम किती वाजता आहे?" तो वेळेवर निघाला, तर त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवा.