एका ओळीची वीस वर्षं

सिरियल पोर्ट हा संगणकाच्या अंगावरचा एक फार जुना आणि भाबडा दरवाजा. दोन-तीन तारा, त्यांतून एकामागून एक जाणारे बिट, बस. त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला 1,15,200 बिट. एका अक्षराचे आठ बिट, सुरुवातीची आणि शेवटची खूण म्हणून आणखी दोन. म्हणजे सेकंदाला 11,520 अक्षरं आणि एका अक्षरामागे साधारण 87 मायक्रोसेकंद. ऐंशी अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला जवळपास 7 मिलिसेकंद लागतात. डिस्क सापडत नाही, मेमरी संपली, असं काही लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, सांगायचं असलं की तो ‘प्रिंटके’ नावाच्या फंक्शनला हाक मारतो. अनेक वर्षं व्यवस्था अशी होती की बहुतेक वेळा जो प्रोसेसर हाक मारी, तोच हातातलं काम टाकून ती ओळ पोर्टातून अक्षर-अक्षर ढकलत बसे. आपल्याला 7 मिलिसेकंद जाणवतही नाहीत. पण त्याच प्रोसेसरला दर मिलिसेकंदाला एखाद्या यंत्राच्या बाहूला नवा हुकूम द्यायचा असेल, तर एका ओळीपायी सात हुकूम चुकले. बाहू तोवर जुन्याच हुकमावर पुढे गेलेला असतो. इतक्या साध्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या या फंक्शनने एक मोठा प्रकल्प शेवटची काही वर्षं वेशीवर अडवून धरला.

त्या प्रकल्पाचं नाव प्रीएम्प्ट-आरटी. लिनक्सला ‘रिअल-टाइम’ बनवण्याचा खटाटोप. रिअल-टाइम म्हणजे खूप वेगवान, असा समज सर्रास असतो. प्रत्यक्षात ही मुहूर्ताची गोष्ट आहे. अक्षता ठरल्या क्षणी पडल्या पाहिजेत; भटजींनी सरासरी काढून ‘बहुतेक लग्नं वेळेवर लागली’ म्हणून उपयोग नाही. इथे हिशेब सगळ्यात वाईट दिवसाचा असतो. लिनक्सची घडण मात्र वेगळी. 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा कर्नल पुढे सर्व्हरवर रुळला आणि तासाभरात एकूण काम किती उरकलं हाच त्याचा मानदंड झाला. 2004 मध्ये, आवाजावर काम करणाऱ्या मंडळींच्या तक्रारी आणि माँटाव्हिस्टा या कंपनीने पुढे केलेले पॅच यांच्या पार्श्वभूमीवर, इंगो मोलनारने स्वतःचा रिअल-टाइम पॅच मांडला. थॉमस ग्लाइक्सनर आणि स्टीव्हन रोस्टेड त्याला येऊन मिळाले. तो पॅच पूर्णपणे मुख्य कर्नलमध्ये यायला 2024 उजाडलं. ही वीस वर्षं बहुतेक ठिकाणी थट्टेच्या सुरात सांगितली जातात. माझं म्हणणं जरा उलट आहे. या कर्नलमध्ये तांत्रिक वाद मतदानाने मिटत नाहीत आणि बहुतेकदा हुकमानेही मिटत नाहीत. ज्याला तुमच्या प्रश्नाशी काही देणंघेणं नाही त्याच्याही पदरात काही पडेल असा बदल तुम्ही घडवता, तेव्हा वाद मिटतो. वेळखाऊ पद्धत आहे. पण तो वेळ कुठे गेला हे पाहिलं तर बराचसा सत्कारणी लागलेला दिसतो.

पहिला आक्षेप उघड आहे: इतकी दगदग कशाला, सोपा रस्ता होताच की. न्यू मेक्सिकोतल्या व्हिक्टर योडायकेनने नव्वदीच्या दशकातच आरटीलिनक्स बांधून दाखवलं होतं. तळाशी एक चिमुकला रिअल-टाइम कर्नल आणि त्याच्या वर, रिकाम्या वेळात चालणारं एक दुय्यम काम म्हणून अख्खं लिनक्स. घर तसंच ठेवून अंगणात वेगळी खोली काढावी तसं. इटलीतलं आरटीएआय आणि नंतरचं झेनोमाय हेही त्याच वाटेचे प्रकल्प, आणि ही पद्धत आजही चालते. पण त्या खोलीत राहणाऱ्याला घरातलं काहीच थेट मिळत नाही: नेटवर्क, फाइली, यूएसबी, नेहमीचे डीबगर, सगळ्यासाठी उंबरा ओलांडावा लागतो, आणि ओलांडला की वेळेची हमी संपली. मोलनार-ग्लाइक्सनर यांचा आग्रह होता की साध्या लिनक्स प्रोग्रामलाच ही हमी मिळावी. त्याची किंमत म्हणजे कर्नलमधली बहुतेक सगळी कुलपं बदलणं. साधं स्पिनलॉक म्हणजे दार उघडेपर्यंत बाहेर उभं राहून सतत कडी वाजवत राहणं. तोवर त्या प्रोसेसरवर दुसरं कोणी येऊ शकत नाही. आरटीमध्ये थांबणारा झोपी जातो, आणि अधिक तातडीचं काम आलं तर आतल्यालाही बाजूला सारता येतं. ऐकायला छोटा बदल. पण ‘हे कुलूप हातात असताना मला कोणी हलवणार नाही’ या गृहीतावर दशकभर लिहिलेला सगळा कोड त्याने हादरतो.

त्यातूनच उभा राहतो अग्रक्रम उलटा होण्याचा प्रश्न. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग एकेरी आहे. समजा एका सेक्शनमध्ये मालगाडी आहे आणि मागे राजधानी खोळंबली आहे. मालगाडी सेक्शन सोडेपर्यंत थांबणं भागच आहे, ते समजण्यासारखं. पण त्याच मालगाडीला पुढच्या स्टेशनात बाजूला उभं करून पॅसेंजर गाड्यांना वाट दिली जात असेल, तर राजधानी प्रत्यक्षात पॅसेंजरच्या मागे अडकली. हे 1997 मध्ये थेट मंगळावर घडलं. नासाच्या पाथफाइंडर यानावरचा संगणक (त्यावर लिनक्स नव्हे, व्हीएक्सवर्क्स होतं) आपोआप पुन्हापुन्हा रीसेट होऊ लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या कनिष्ठ कामाच्या हातात एक कुलूप होतं, मधल्या दर्जाची कामं त्याला पुढे सरकू देत नव्हती, आणि वरच्या दर्जाचं एक काम त्याच कुलपासाठी तिष्ठत होतं. ते वेळेत उरकलं नाही हे दुसऱ्या एका कामाच्या लक्षात आलं, आणि त्याने यंत्र रीसेट केलं. उपाय पृथ्वीवरून पाठवला गेला: कुलूप ज्याच्या हातात आहे त्याला, ते सोडेपर्यंत, वाट पाहणाऱ्याचा दर्जा द्यायचा. मालगाडीला तेवढ्यापुरता राजधानीचा सिग्नल.

हा उपाय निर्विवाद होता असं मात्र नाही. योडायकेनने 2002 मध्ये त्याच्याविरुद्ध निबंधच लिहिला. गुंता वाढतो, आणि वाईट रचना झाकली जाते, असा त्याचा मुद्दा. टोरवाल्ड्सचंही मत तेच होतं: ज्याला हे लागतं त्याची मूळ रचनाच मोडकी आहे. आक्षेप पोकळ नाही. चांगल्या रचनेत अशी वेळ क्वचित यावी हे खरंच. पण आरटीवाल्यांनी तत्त्वाचं भांडण वाढवलं नाही, मागणी लहान केली. कर्नलच्या अंतर्गत कुलपांचा विषय त्यांनी बाजूला ठेवला आणि हा दर्जा-वारसा फक्त वापरकर्त्यांच्या प्रोग्राममधल्या कुलपांना, तोही मागणाऱ्यालाच, द्यायचा प्रस्ताव ठेवला. न मागणाऱ्याला दमडीचा भुर्दंड नाही. 2006 च्या 2.6.18 आवृत्तीत तो आला. याच वर्षी विकसकांच्या एका बैठकीत टोरवाल्ड्सने, लिनक्सवर लेझर चालवणं म्हणजे वेडेपणा, पण इथे जमलेला प्रत्येकजण आपापल्या परीने वेडाच आहे, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. होकार नव्हता तो. पण दार लोटून घेतलं नव्हतं, आणि त्या फटीतून पुढची कितीतरी वर्षं एकेक वस्तू आत सरकत राहिली.

आत काय काय गेलं ते पाहावं. सूक्ष्म टायमर गेले, त्यांचा फायदा मोबाइलपासून सर्व्हरपर्यंत सगळ्यांना. कुलपं चुकीच्या क्रमाने घेतली तर यंत्र अडकण्याआधीच ओरडणारा लॉकडेप गेला. आज ड्रायव्हर लिहिणारी मंडळी त्याच्या भरवशावर असतात. कर्नलच्या आत काय चाललंय ते मायक्रोसेकंदाच्या हिशेबाने दाखवणारा एफट्रेस गेला. हार्डवेअरचा इशारा आला की सगळं थांबवण्याऐवजी त्याचं काम एका धाग्यावर (थ्रेडवर) सोपवण्याची सोय 2009 मध्ये गेली. एकही तुकडा ‘रिअल-टाइमसाठी घ्या’ म्हणून खपला नसता. प्रत्येकाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं, आणि ही सक्ती नसती तर यातलं निम्मं एका कोपऱ्यातल्या पॅचमध्येच कुजलं असतं. उलटं उदाहरण याच घरातलं आहे. 1996 च्या 2.0 आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसरांची सोय घाईने करायची म्हणून अख्ख्या कर्नलला एकच मोठं कुलूप लावलं गेलं. लावलं चटकन, काढता काढता 2011 चं 2.6.39 आलं. पंधरा वर्षं तीही.

प्रिंटकेकडे परत येतो, कारण बदल इतरांच्याही फायद्याचा करून आत सरकवण्याची युक्ती तिथे चालेना. वेळेची हमी हवी तर उपाय सरळ होता: ओळ मेमरीत टाका, छापायचं काम नंतर सावकाश दुसऱ्या धाग्याला करू द्या. टोरवाल्ड्सचा आणि इतर अनेकांचा विरोध नेमका त्या ‘नंतर’ला. कर्नल कोसळतो तेव्हा नंतर येतच नाही. मरत्या यंत्राच्या तोंडून निघालेली शेवटची ओळ हाच पुष्कळदा एकमेव पुरावा असतो, आणि ती मेमरीतच राहिली तर पंचनाम्याला हाती काही लागत नाही. मला हा आक्षेप या सगळ्या कहाणीतला सर्वात वजनदार वाटतो. मुहूर्त आणि मृत्युपत्र, दोन्ही एकाच फंक्शनकडून हवं होतं. जॉन ओग्नेसने आधी मेमरीतली साठवणच कुलपाविना चालेल अशी नव्याने लिहिली, कुठल्याही अवस्थेत, अगदी दुसरा प्रोसेसर अर्धवट लिहीत असतानाही, ओळ टाकता येईल अशी. 2020 च्या 5.10 मध्ये ती आली. पुढची पायरी म्हणून छपाईचे वेगळे धागे 2022 मध्ये 5.19 साठी घेतले गेले आणि आवृत्ती बाहेर पडण्याआधीच परत काढावे लागले, कारण यंत्र बंद पडताना ओळी गहाळ होत असल्याच्या तक्रारी आल्या. आक्षेप घेणारे बरोबर ठरले, तेही प्रत्यक्ष पुराव्याने. मग तिसऱ्यांदा जी रचना झाली तिच्यात पोर्टाची मालकी नोंदलेली असते आणि ती हिसकावता येते. शांततेच्या काळात धागा सावकाश छापतो, संकटात असलेला प्रोसेसर त्याच्या हातून पोर्ट काढून घेतो, आणि कर्नल मरणाच्या दारात असेल तर तो कोणालाही ढकलून बोलू शकतो. धाग्याने अर्धी ओळ सोडली असेल तर नवा मालक ती पहिल्यापासून छापतो. प्रिंटके सांभाळणाऱ्या पेत्र म्लादेकने यातला तुकडा अन् तुकडा किती वेळा परत पाठवला असेल! टोरवाल्ड्सच्या आक्षेपाचं उत्तर युक्तिवादातून आलं नाही, या हिसकावण्याच्या नियमांतून आलं. सप्टेंबर 2024 मध्ये व्हिएन्नात ग्लाइक्सनरने पॅच सामील करून घेण्याची अखेरची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात जांभळी फीत बांधून टोरवाल्ड्सच्या हाती दिली, आणि 6.12 आवृत्तीत प्रीएम्प्ट-आरटी आलं.

इथवर कौतुक ठीक आहे. पण या पद्धतीची बाजू मांडताना तिचा खर्च कोणाच्या खिशातून गेला हेही सांगायला हवं. कारखान्यांची यंत्रं विकणारे कितीतरी उद्योग हा पॅच वर्षानुवर्षं फुकट वापरत होते. 2014 मध्ये ग्लाइक्सनरला जाहीरपणे सांगावं लागलं की पैसा नाही, आता हे काम फावल्या वेळातलं. पुढच्या वर्षी लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांची मोट बांधली म्हणून निभावलं. सहनशीलतेवर चालणाऱ्या पद्धतीत टिकतो तोच ज्याला कोणीतरी पोसतं. तितकाच चांगला पण न पोसलेला प्रकल्प कधी विरून गेला याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून या एका यशावरून पद्धत निर्दोष ठरत नाही, हे मला मान्य आहे.

शिवाय हमी म्हणतो ती हमी किती? कोट्यवधी ओळींच्या कर्नलची गणिती सिद्धता कोणाकडे नाही. आहे ती मोजणी. जर्मनीतल्या ओएसएडीएल या संस्थेत मांडणीवर ओळीने यंत्रं लावलेली असतात. प्रत्येकाला दर 200 मायक्रोसेकंदांनी उठवायचं, उठायला किती उशीर झाला ते टिपायचं, असं 10 कोटी वेळा. साडेपाच तासांच्या त्या परीक्षेत एकदाही मर्यादा ओलांडली नाही तर यंत्र पास. पण 10 कोटी एकाव्या वेळी काय, हे आलेख सांगत नाही. आणि काही मदरबोर्डांवर बायॉसच मध्ये येऊन, कर्नलला पत्ता लागू न देता, प्रोसेसर स्वतःच्या कामाला नेतो. त्यापुढे सगळी कुलपं व्यर्थ. अशी चोरी पकडायला कर्नलमध्ये एक शोधक आहे. तो प्रोसेसर अडवून नुसता घड्याळ वाचत बसतो आणि मधली वेळ गायब झाली की नोंदवतो. चोर ओळखू येतो, थांबवता येत नाही.

उरलेलं काम बिनचेहऱ्याचं आहे. रोज येणाऱ्या नव्या कोडमध्ये कोणीतरी हार्डवेअरचे इशारे बंद करून साधं स्पिनलॉक घेणार. नेहमीच्या यंत्रावर ते निमूट चालणार आणि आरटीमध्ये फुटणार. पूर्वी हे मूठभर माणसं मागाहून दुरुस्त करत, आता ती जबाबदारी त्या त्या मेंटेनरची, ज्याच्यासमोर आधीच पॅचचा ढीग आहे. कारखान्यातलं यंत्र पंधरा-वीस वर्षं चालतं. दीर्घकालीन म्हणवणाऱ्या कर्नलला मिळणारा आधार मात्र सहा वर्षांवरून दोनवर आणत असल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं. दहा वर्षं सांभाळू म्हणणारा सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म आहे, पण तोही शेवटी थोड्या कंपन्यांच्या वर्गणीवर. 6.12 मध्ये आरटीचा मान मिळाला तो एक्स86, 64 बिटी आर्म आणि रिस्क-व्ही यांना. कारखान्यांत पसरलेला 32 बिटी आर्म बाहेरच उभा राहिला. आणि ती हिसकावण्याची रचना आली तरी प्रत्येक पोर्टाचा ड्रायव्हर तिच्यासाठी वेगळा लिहावा लागतो. 6.12 बाहेर पडली तेव्हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा 8250 सिरियल ड्रायव्हर, तोच 87 मायक्रोसेकंदांचा, अजून जुन्याच पद्धतीवर होता. आरटीमध्ये अशा ड्रायव्हरच्या ओळी एक वेगळा धागा छापतो, त्यामुळे बाहूचे सात हुकूम वाचतात. कर्नल कोसळताना शेवटची ओळ बाहेर पडेल याची मात्र त्या पोर्टावर खात्री नव्हती. नव्या पद्धतीने लिहिलेला 8250 ड्रायव्हर पॅचच्या रूपात तयार होता, मुख्य कर्नलच्या बाहेर.