डिस्क फिरते, पण संगणक उठत नाही!

रायपूर स्टेशनच्या पलीकडे गुढियारी ही घाऊक बाजाराची पेठ. अशा पेठेत खाली दुकान आणि वर घर ही रीत जुनीच. एकाच संगणकावर दिवसा टॅलीचे हिशेब आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास, हेही आता नवं राहिलेलं नाही. असा संगणक एखाद्या सकाळी अचानक हटून बसतो. काळा पडदा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आणि पुढे काहीच नाही. मग कपाटातून विंडोजची डिस्क शोधून काढली जाते, ती घालून बटण दाबलं जातं आणि पुन्हा तोच काळा पडदा! कुणी म्हणतं हार्ड डिस्क गेली, कुणी म्हणतं मदरबोर्ड जळला. शेवटी डबा स्कूटरवर ठेवून दुरुस्तीवाल्याकडे नेला जातो आणि सांगितलं जातं, ‘‘काहीही करा, पण चालू करून द्या.’’

हे वाक्य तेवढं टाळा. दुरुस्तीच्या दुकानात ‘काहीही करा’चा सरळ अर्थ ‘फॉरमॅट करा’ असाच घेतला जातो. संगणक चालू होऊन येतो, पण वर्षाचे हिशेब आणि मुलीच्या बारशाचे फोटो पुसलेले असतात. म्हणून डिस्क का उठत नाही हे शोधण्याआधी हार्ड डिस्कवर काय आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे, हे आठवून पाहा. ‘आमचं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे’ असं अनेकजण खात्रीने सांगतात. पण डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेल्या फाइली सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि पुसला जातो तो आधी सी.

आता मूळ दुखण्याकडे वळू. बटण दाबल्यावर संगणक आधी स्वतःच्या यादीत पाहतो की कुणाकडून सुरुवात करायची: हार्ड डिस्क, डीव्हीडी की पेन ड्राइव्ह? यादीत हार्ड डिस्क पहिली असेल, तर डिस्ककडे तो ढुंकूनही बघत नाही. बटण दाबताच एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीनुसार कळ बदलते) भराभर दाबा, म्हणजे ही यादी समोर येईल. तिथून डीव्हीडी निवडा. नंतर ‘कोणतीही कळ दाबा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते आणि काही सेकंदांत जाते. चहाचा कप उचलायला वळलात तर संधी हुकली! गंमत म्हणजे विंडोज बसत असताना संगणक मध्येच पुन्हा सुरू होतो, तेव्हा मात्र ती कळ दाबायची नाही. दाबली तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

सीडीवरून थेट संगणक सुरू करण्याची सोय पहिल्यापासून नव्हती. त्याचे नियम १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी ठरवले. त्यांना ‘एल टोरिटो’ हे नाव मिळालं ते कॅलिफोर्नियातल्या एका उपाहारगृहावरून. त्याआधी सीडीच्या जोडीला सुरुवातीची फ्लॉपी लागे.

घरी भरलेली डिस्क असेल तर पहिला संशय तिच्यावरच घ्या. चालू संगणकात ती उघडून पाहा. आत ‘आयएसओ’ नावाची एकच मोठी फाइल दिसली, तर डिस्क चुकीची भरली आहे. फाइल नुसती उतरवून चालत नाही, ‘इमेज’ म्हणून भरावी लागते. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची असते आणि विंडोज ११ त्यात मावत नाही. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. जुनी डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

नव्या संगणकाचं प्रकरण जरा निराळं. त्यात ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी असतो. विंडोज ७ ची जुनी डिस्क तो दारातच अडवतो. त्याला बाजूला करता येतं, पण घाई नको. संगणकाला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर ही सेटिंग बदलल्यावर तो ४८ आकडी किल्ली मागू शकतो. ती आधी शोधून ठेवा. शिवाय विंडोज ७ चा आधार २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा जुन्याच डिस्कचा हट्ट कशाला?

दरवेळी तारीख कित्येक वर्षं मागची दिसते का? मग मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपला असावा. तो संपला की जुना संगणक क्रमाची यादीही विसरतो. सेल स्वस्त असतो आणि बदलायला पाच मिनिटं पुरतात.

पण फाइली बाहेर कशा काढायच्या? माझ्या मते सगळ्यात उपयोगी युक्ती हीच: लिनक्सची ‘लाइव्ह’ डिस्क किंवा पेन ड्राइव्ह. ती हार्ड डिस्कवर काही न बसवता चालते. सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्स तर मराठीतही आहे, आणि रवी रतलामी या नावाने लिहिणारे रविशंकर श्रीवास्तव यांनी लिनक्सच्या पडद्यावरचे शब्द छत्तीसगढीतही आणले होते. ‘लाइव्ह’ लिनक्स सुरू झालं, तर मदरबोर्ड जळल्याची भीती गेली. फाइलींचे कप्पे दिसले, की फोटो आणि टॅलीचा डेटा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र लगेच बंद करा. अशा डिस्कवर घरगुती प्रयोग नकोत.

दुरुस्तीवाल्याकडे डबा द्यावाच लागला, तर त्यावर चिठ्ठी चिकटवा: ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ खाली आपला फोन नंबर लिहा, आणि पावतीवरही तेच लिहून घ्या.